मावशी पडल्या, पण पाणी कुठून आलं?

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, म्हणून कामापुरतं इथे देतो.

‘घरामागच्या शेडमध्ये आम्ही आंब्याचा रस, कोकम आगळ, आमसुलं आणि पावसाळ्यात फणसाचे तळलेले गरे करतो. गावातल्या अकरा बायका कामाला येतात. जूनच्या पहिल्या पावसात एक मावशी धुतलेल्या रातांब्यांचं (कोकमाच्या फळांचं) घमेलं घेऊन येताना घसरल्या. हात टेकला आणि मनगट मोडलं. त्यानंतर आणखी दोघी घसरल्या, पण थोडक्यात वाचल्या. आमचे हे म्हणतात, खाली बघून चालायला काय होतं? सासूबाई म्हणतात, “जाग्याचा कायतरी आसा, गाऱ्हाणा घालूक व्हया.” मी “सावकाश चाला” असा बोर्ड लावलाय. टाइल्स दोनच वर्षांपूर्वी घातल्या, चकचकीत आहेत, पण उखडायला पैसे नाहीत. मावशींचं प्लास्टर अजून निघायचंय. चूक त्यांचीच होती असं सगळे म्हणतात, तर त्यांना काही द्यावं लागेल का? आणि पुढच्या मे महिन्यात शेडचे सिमेंटचे पत्रे बदलायचेत. हे स्वतःच वर चढणार आहेत. खर्चाचं बघून सांगा.’

ताई,

देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. सासूबाईंचा शब्द मोडू नका. फक्त नारळ फोडाल तेव्हा पाणी त्या टाइल्सवर सांडू देऊ नका. आणि एका बाबतीत सासूबाई यजमानांपेक्षा जास्त बरोबर आहेत हे त्यांना माझ्यातर्फे सांगा. दोष जागेचाच आहे.

यजमानांचं म्हणणं घरोघरी ऐकू येतं, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. तुमच्या त्याच मावशी पावसात व्हाळ ओलांडतात. बुळबुळीत धोंड्यांवरून, डोक्यावर ओझं घेऊन आणि बहुतेक वेळा अनवाणी. तिथे पडत नाहीत. का? तर पुढचा धोंडा निसरडा आहे हे पावलाला आधीच ठाऊक असतं. पाऊल बेतानं पडतं, टाच आधी न टेकता तळवा सपाट टेकतो. तुमच्या शेडमध्ये वीस पावलं कोरडी टाइल असते, पाय निर्धास्त पडतात, आणि एकविसावं पाऊल ओल्या पट्ट्यावर पडतं. टाच टेकता टेकता पुढे सटकते आणि ते कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. त्यात छातीशी घमेलं धरलेलं. तुम्ही स्वतः घमेलं धरून उभ्या राहा आणि खाली बघा. पायापुढची दोन-तीन फूट जमीन दिसतच नाही. ‘खाली बघून चाल’ म्हणणाऱ्याने एकदा ते घमेलं हातात घ्यावं.

म्हणून बोर्ड काढा. भिंतीवर कायमचा लावलेला बोर्ड आठ दिवसांत भिंतीचाच भाग होतो, कोणी वाचत नाही. जागा ओली असेल तेवढा वेळ मधोमध ठेवायचा आणि कोरडी झाली की उचलायचा असा पिवळा स्टँड उपयोगी पडतो, कारण तो नेहमी तिथे नसतो. पण तोही तात्पुरता. सूचना म्हणजे शेवटचा उपाय. आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत.

आता एक बिनखर्चाचं काम सांगतो. एखाद्या पावसाच्या दिवशी दुपारी, ऐन कामाच्या वेळी, शेडच्या कोपऱ्यात स्टूल टाकून तासभर बसा. काही बोलू नका, काम सांगू नका. बायका कुठे साडी वर खोचतात, कुठे पावलं आखूड होतात, कुठे वळसा घालून जातात, कुठे भिंतीला हात लावतात ते बघा. भिंत तर नीट बघाच. कोकमाचं काम करणाऱ्या शेडमध्ये निसरडी जागा शोधायला यंत्र लागत नाही. जिथे तोल जातो तिथे कमरेच्या उंचीवर भिंतीवर लाल बोटं उमटलेली असतात. एकावर एक बोटं उमटून लाल पट्टा झाला असेल, तर ती जागा मावशींच्या आधीपासून घसरवत होती, एवढंच. त्या दोघी थोडक्यात वाचल्या म्हणता, तेही त्याच वळणावर का, विचारा. एक वही टांगा आणि कोणीही घसरलं, अडखळलं की जागा आणि वेळ लिहून ठेवायला सांगा. पडायची वाट बघू नका. नाव मात्र लिहायचं नाही, नाहीतर वही कोरीच राहील.

जागा सापडली की विचारायचं, पाणी कुठून आलं? तुमच्या पत्रावरून मला तीन वाटा दिसतात. रातांबे धुतल्यावर घमेलं न निथळता उचललं जातं आणि धुण्याच्या टाकीपासून आतल्या खोलीपर्यंत थेंबांची माळ पडते. घमेल्याऐवजी भोकांचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, टाकीशेजारी जाळीच्या मोरीवर पाच मिनिटं निथळू द्या आणि मग चाकाच्या ट्रॉलीवरून न्या. ट्रॉलीमुळे हात मोकळे, नजर मोकळी आणि वीस किलोचं ओझं कमरेवरून उतरलं. शेडमध्ये एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी हीच घ्यायला सांगेन.

दुसरी वाट दाराची. पहिल्या पावसात पडल्या म्हणजे पागोळ्या दारातच पडत असणार. पत्र्याला पन्हळ लावा आणि दारावर तीन-चार फुटांची झड (पुढे आलेलं छोटं छप्पर) बांधा. बाहेर काथ्याचं जाड पायपुसणं ठेवा आणि आत पाय कोरडे करायला दुसरं. एका पायपुसण्यात पाऊस पुसला जात नाही. आणि ते गोणपाट काढा. पत्रात गोणपाटाचा उल्लेख नाही, पण असणारच. ओलं गोणपाट टाइलवर स्वतःच सरकतं आणि कोपरा दुमडला की पाय अडकतो. घसरण्यावरचा उपाय म्हणून टाकलेल्या गोणपाटानेच लोक पडताना मी पाहिले आहेत.

तिसरी वाट तळणीची. गरे तळताना उडालेल्या तेलाचा बारीक थर कढईभोवती बसतो, चपलांना लागतो आणि चपलांबरोबर शेडभर फिरतो. त्यावर पाणी पडलं की झालंच. तळणीची जागा धुण्याच्या जागेपासून लांब हवी आणि मधे ये-जा नको. जागा अपुरी असेल तर निदान वेळ वेगळी ठेवा.

इथे एक अवघड विचारतो. मजुरी रोजावर देता की किलोवर? किलोवर देत असाल तर ‘सावकाश चाला’ या बोर्डाचा अर्थ ‘कमी पैसे घ्या’ असा होतो. ती बाई सावकाश चालणार नाही, आणि का चालावं? पाऊस सुरू झाला की रातांबे सडायच्या आत संपवायचे म्हणून सगळ्यांचीच धावपळ असते, हे मलाही कळतं. पण मग फोडण्याचा दर किलोवर ठेवा आणि वाहून नेण्याचं काम त्यातून वेगळं काढा. ने-आण एकीकडे, रोजावर. जी बसून फोडते तिला उठावंच लागू नये. शेडमधली निम्मी चाल अशीच कमी होईल.

आता टाइल्स. त्या उखडायला मी सांगणार नाही, निदान सगळ्या तरी नाही. पाटा गुळगुळीत झाला की आपण त्याला छिन्नीची टाकी लावून घेतो, जमिनीचं तसंच आहे. पाय आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. जमीन खरखरीत असेल तर बारीक उंचवटे त्या थरातून वर येऊन पायाला धरतात. द्रव जितका दाट, तितका खरखरीतपणा जास्त लागतो. म्हणून नुसत्या पाण्याला पुरणारी टाइल आंब्याच्या रसाला किंवा तेलाला पुरत नाही. दुकानदाराने ‘अँटी-स्किड’ म्हटलं की विश्वास ठेवू नका, आर नंबर, म्हणजे टाइल पाय किती धरते त्याचं माप, विचारा. आर ९ म्हणजे त्या मापातली सगळ्यात खालची पायरी. ओल्या, तेलकट कामाला आर ११ किंवा आर १२ घ्या. अशा टाइल्स फक्त धुण्याच्या टाकीपासून उकळण्याच्या खोलीपर्यंतच्या पट्ट्यात आणि तळणीभोवती घातल्या तरी बरंच भागेल.

तेवढंही नको असेल तर चकचकीत टाइलचा वरचा थर किंचित खाऊन ती खरखरीत करणारी रसायनं मिळतात. प्रत्येक टाइलवर ती सारखी चालत नाहीत. कोपऱ्यातल्या दोन टाइल्सवर लावून घ्या, त्यावर पाणी, आगळ आणि तेल वेगवेगळं सांडा आणि चप्पल घासून बघा. तुमच्या शेडमधला द्रव, तुमच्या बायकांची चप्पल, हीच खरी परीक्षा. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्या पायऱ्यांवर ठीक, पण रोज धुतल्या जाणाऱ्या जमिनीवर पावसाळाभर टिकत नाहीत आणि सुटलेल्या टोकात पाय अडकतो.

कोणी सांगेल, सरळ कोटा घाला, शहाबादी घाला, स्वस्तात होईल. कोकमाच्या शेडमध्ये नको. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि कोकमाचा आंबटपणा चुनखडीला खातो. सिमेंटलाही खातो. दोन हंगामांत खड्डे पडतात, खड्ड्यात आगळ साचतं, मग ठेच आणि घसरण दोन्ही. खरखरीत फिनिशचा ग्रॅनाइट चालेल, किंवा टाइल घालाल तर सांधे इपॉक्सीने भरा.

उतार बघितलात का? जमिनीवर पाणी टाका. ते आपणहून मोरीकडे गेलं पाहिजे. दहा फुटाला दीड-दोन इंच उतार पुरतो. मध्येच तळं साचत असेल तर तेवढाच भाग उचलून दुरुस्त करा. अन्नपरवान्याच्या नियमांतही जमिनीला निचऱ्यासाठी उतार हवा आणि सांडपाणी कामाच्या ओघाच्या उलट दिशेने वाहावं, असं आहे. म्हणजे कच्च्या मालाकडची घाण तयार मालाकडे यायला नको. ‘परवान्यासाठी गुळगुळीत टाइल लागते’ असं मिस्त्री सांगतो. नियमाला हवी असते सहज धुता येणारी जमीन, तीत तोंड दिसलंच पाहिजे असं नाही.

धुण्याची पद्धतही बदला. काम चालू असताना बादलीभर साबणपाणी ओतायचं आणि पोछा फिरवायचा, हे बंद. हातभर जागेतली घाण त्यामुळे दहा हातांवर पसरते. सांडलं तेवढंच, सांडल्याबरोबर, कोरड्या फडक्याने उचला. फडकी कपाटात नकोत, प्रत्येक टेबलाच्या पायाला टांगलेली हवीत. तेल सांडलं तर पाणी अजिबात नको. आधी कागदाने टिपायचं, मग गरम पाण्यात साबण, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, घासायचं आणि भरपूर पाण्याने काढायचं. साबण ओतला आणि लगेच ओढून काढला तर तेल निघत नाही, उलट साबणाच्या थराची भर पडते. सगळी जमीन संध्याकाळी बायका गेल्यावर धुवा आणि वायपरने ओढून रात्रभर वाळू द्या. आंब्याच्या साली आणि बाठे जमिनीवर टाकून शेवटी झाडायची पद्धत असेल तर तीही सोडा. प्रत्येकीच्या पायाशी टब ठेवा.

अडखळण्याचं थोडक्यात सांगतो. पाण्याचा पाइप वाटेत आडवा नको, वरून टांगून घ्या. दाराचा उंबरा असेल तर चांगला दिसेल असा पिवळा रंगवा. चार-पाच इंचाचा उंबरा माणूस ओलांडतो. अर्धा-पाऊण इंचाचा दिसतच नाही, तो उतरता करून टाका. पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि तिसरी अर्ध्या इंचाने वेगळी असली की फसगत होते. दारात चांगला दिवा लावा. बाहेरच्या उजेडातून शेडमध्ये आल्यावर डोळे सरावेपर्यंत माणूस अंदाजानेच चालतो, आणि तुमचा ओला पट्टा नेमका दारातच आहे.

चपलांसाठी मात्र पैसे काढा, आणि ते तुम्हीच काढायचे. घरच्या झिजलेल्या स्लीपर उलट्या करून बघा, टाचेकडचा भाग आरशासारखा झालेला असतो. शेडमध्येच राहणारी, मागून बंद, खोल नक्षीच्या तळव्याची रबरी पादत्राणं प्रत्येकीच्या मापाची घ्या. दोन नंबर मोठे गमबूट सगळ्यांना वाटू नका, मोठा बूटच पाडतो. नक्षीत गर भरला की ती असून नसल्यासारखी, म्हणून दारात ब्रश ठेवा. ज्यांना अन्नाच्या जागी चप्पल घालणं जिवावर येतं त्यांना समजावा की ही चप्पल बाहेर जातच नाही, ती या शेडचीच आहे. साडीचा काठ घोट्याच्या वर राहील असा ॲप्रन शिवून घ्या.

शेडपासून घरापर्यंतच्या जांभ्याच्या वाटेवर आता शेवाळ आलं असेल. एवढा पाऊस पडतो तिथे येणारच. ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा. पण तिच्यात ॲसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही लागून लागून वापरायचीही नाहीत. वाटेवर सावली धरणाऱ्या फांद्या थोड्या छाटल्यात तर शेवाळ उशिरा येईल.

आता मावशी. हो, द्यावं लागेल. ‘बेसावध होत्या’ हे कारण चालत नाही. कामावर असताना, कामामुळे झालेल्या इजेची जबाबदारी मालकाची, हे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलंय आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. दारू पिऊन काम केलं किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, अशा कारणांवर मालक काही वेळा सुटू शकतो. नुसत्या निष्काळजीपणावर नाही, आणि इथे तर तोही नव्हता. उपचाराचा खरा खर्च द्यायचा आणि काम करता येत नाही तोवर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे एकूण अर्धी मजुरी. काम २८ दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर ही रक्कम पहिल्या दिवसापासून मोजतात. मनगटाचं प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं, तेव्हा तुम्हाला पहिल्या दिवसापासूनच धरावं लागेल. हे कायद्याने. माझं विचाराल तर पूर्ण मजुरी द्या. गाव लहान आहे आणि पुढच्या हंगामात माणसं तुम्हालाच लागणार आहेत. ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. भरपाईचा हक्क असा लिहून देऊन सुटत नाही.

दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, प्रश्न येतो. तुमच्याकडे अकरा आहेत. तुमच्या भागात योजना लागू आहे का ते कामगार कार्यालयात विचारून घ्या. लागू असेल तर महिन्याला २१ हजारांपर्यंत मजुरी असलेल्यांसाठी मालकाचा वाटा मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. लागू नसेल तर विमा कंपन्यांची कर्मचारी भरपाईची पॉलिसी काढा.

मावशी परत आल्या की त्यांना थेट ओझ्याला लावू नका. लेबलं लावणं, आमसुलं निवडणं अशी बसून करायची कामं द्या. पन्नाशीच्या पुढच्या असतील तर डॉक्टरांना हाडांच्या ठिसूळपणाचं विचारायला सांगा. साध्या पडण्यात मनगट मोडतं तेव्हा हा प्रश्न विचारण्यासारखा असतो. आणि पुढे कधी कोणी हातावर पडलं तर पहिलं काम बांगड्या आणि अंगठ्या काढायचं, सूज यायच्या आत. नाहीतर दवाखान्यात त्या कापाव्या लागतात. हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नका, आधी एक्स-रे. डोकं आपटलं असेल आणि नंतर उलटी झाली किंवा झापड आली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

राहिले पत्रे. पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. जमिनीवर घसरलं तर हात मोडतो, सिमेंटच्या पत्र्यातून आरपार गेलं तर माणूस जातो. जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो, फुटायच्या आधी कुरकुरतही नाही. खिळ्यांच्या रांगेवरून चाललं की चालतं, असं गावात सांगतात. त्यावर भरवसा नको, एक पाऊल हललं की संपलं. यजमानांना वर चढू देऊ नका. परांची बांधून खालून पत्रे सोडवता येतात. वर जावंच लागलं तर निदान दोन-तीन आधारांवर टेकतील अशा रुंद, बांधलेल्या फळ्यांवरूनच जायचं, खाली जाळी आणि अंगात पट्टा. पट्ट्याचा दोर पत्र्याला नाही, लोखंडी कैचीला, म्हणजे छताच्या सांगाड्याला, बांधायचा. शिडी लावाल तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचं टोक कडेच्या तीन फूट वर आणि बांधलेलं. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक, म्हणून ते फोडायचे नाहीत. ओले करून अख्खे उतरवायचे.

हे काम रोज करणारी माणसं मिळतात. मेच्या अखेरीस पाऊस दारात आला की सगळ्यांनाच पत्रे बदलायचे असतात आणि मग ती मिळत नाहीत. मार्चमध्येच सांगून ठेवा आणि त्यांची मजुरी व परांचीचं भाडं पत्र्यांच्या हिशेबातच धरा.